कोंडलेल्यांची कैवारी : डोरोथिया डिक्स

रस्त्याच्या कडेला एखादा माणूस पडलेला असतो. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही, केसांच्या जटा झालेल्या, तोंडाने स्वतःशीच काहीतरी चाललेले. दारूने असे झाले, गर्दने झाले, की मनच बिघडले, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळत नाही. आपण मुलाचा हात घट्ट धरतो, पलीकडच्या बाजूला होतो आणि घरी आल्यावर म्हणतो, ह्यांना कोणी उचलून का नेत नाही?

ह्याच प्रश्नाने अमेरिकेतील न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को ह्यांसारख्या श्रीमंत शहरांतील नागरिक आज कावून गेले आहेत. कोणी म्हणतात, अशांना मनाविरुद्ध का होईना, पण रुग्णालयात घाला. कोणी म्हणतात, आधी राहायला खोली द्या, मग औषधाचे बोला. आणि खोल्या बांधायचे ठरले की शेजारीपाजारी म्हणतात, अवश्य बांधा, पण आमच्या गल्लीत नको. भगिनींनो, हा वाद नवा नाही. त्याच देशात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका नाजूक प्रकृतीच्या, अविवाहित शिक्षिकेने ह्या प्रश्नाला हात घातला. तिच्या कार्याचे यश आणि त्या यशातून निघालेले दुःख, दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. म्हणून हे चरित्र.

डोरोथिया लिंड डिक्स हिचा जन्म ४ एप्रिल १८०२ रोजी मेन प्रांतातील हॅम्पडेन ह्या गावी झाला. वडील फिरते धर्मोपदेशक होते, पण त्यांना दारूचे व्यसन होते. आई सदा आजारी. धाकट्या भावंडांचे सारे तिलाच पाहावे लागे. व्यसन म्हणजे काय आणि त्याने घराची कशी दशा होते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. बाराव्या वर्षी ती बोस्टन येथे आजीच्या घरी आली. आजी सधन होती, शिस्तीची होती. माया मात्र जपून दाखवणारी. चौदाव्या वर्षी ह्या मुलीने वूस्टर गावी लहान मुलांची शाळा चालवली. पुढे बोस्टनला स्वतःची शाळा काढली, आणि १८२४ साली मुलांसाठी प्रश्नोत्तररूपाने सामान्य ज्ञानाचे एक पुस्तक लिहिले. ते बरीच वर्षे खपत राहिले.

प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. छातीचे दुखणे वारंवार उलटे. अखेर १८३६ साली शाळा बंद करून त्या हवापालटासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबाने त्यांना घरच्यासारखे ठेवून घेतले. त्या घरी समाजसुधारकांची ये-जा होती. यॉर्क येथे क्वेकर पंथाच्या लोकांनी मनोरुग्णांसाठी एक आश्रम चालवला होता. तेथे साखळदंड नव्हते. बागकाम, स्वच्छ अन्न आणि गोड शब्द ह्यांवर भर होता. अशा प्रयोगांची चर्चा डिक्सबाईंच्या कानांवर पडली. १८३७ साली आजी वारली आणि तिने ठेवलेल्या पैशामुळे त्यांना पोटापाण्याची विवंचना उरली नाही.

मार्च १८४१ मध्ये एका रविवारी त्या बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री-कैद्यांना धर्मपाठ देण्यास गेल्या. पाठ संपल्यावर त्यांनी आतल्या कोठड्या पाहिल्या. तेथे कसलाही गुन्हा न केलेल्या, केवळ मन बिघडलेल्या स्त्रिया गुन्हेगारांबरोबर कोंडलेल्या होत्या. हाडे गोठवणारी थंडी, आणि शेगडी नाही. का, म्हणून विचारले तर उत्तर मिळाले की वेड्यांना थंडी कळत नाही. डिक्सबाई रडत घरी आल्या नाहीत. त्यांनी प्रकरण न्यायालयात नेले आणि त्या कोठड्यांना ऊब मिळवून दिली.

पण मनात शंका राहिली. हे एकाच तुरुंगात असेल काय? त्यांनी वही घेतली आणि मॅसॅच्युसेट्स प्रांतातील तुरुंग व अनाथगृहे गावोगाव हिंडून पाहिली. जवळजवळ दोन वर्षे हे काम चालले. त्या काळी निराधार माणसाचा भार त्याच्या गावावर असे, आणि काही गावांत तर अशा माणसांचा उलटा लिलाव होई: जो कमीत कमी पैशांत त्याला ठेवून घेईल, त्याच्या हवाली करायचे. मग तो त्याला गोठ्यात ठेवो वा तळघरात. रुग्णालयात पाठवले तर गावाला जास्त पैसे भरावे लागत. तेव्हा निर्दयपणामागे बहुधा काटकसर होती, हे त्यांच्या ध्यानात आले.

जानेवारी १८४३ मध्ये त्यांनी प्रांताच्या विधिमंडळाला निवेदन सादर केले. स्त्रियांना तेव्हा मताधिकार नव्हता, सभागृहात बोलण्याची सोय तर नव्हतीच. डॉक्टर सॅम्युएल हाउ ह्या सभासद-मित्राने ते मांडले. कोणत्या गावी, कोणत्या अवस्थेत, किती माणसे पाहिली ह्याचा त्यात गावांच्या नावांसह हिशेब होता. गावोगावचे अधिकारी चवताळले, अतिशयोक्तीचा आरोप झाला. पण नोंदी पक्क्या होत्या. वूस्टरच्या सरकारी रुग्णालयाच्या वाढीला मंजुरी मिळाली.

तेथून त्यांची भ्रमंती सुरू झाली. आगबोट, घोडागाडी, चिखलाचे रस्ते. प्रत्येक प्रांतात पद्धत एकच: आधी स्वतः पाहायचे, मग लिहायचे, मग एकेका सभासदाला गाठून समजावायचे. न्यू जर्सी प्रांतात ट्रेंटन येथे १८४८ साली नवे रुग्णालय उघडले. ते त्या आपले पहिले अपत्य मानीत. नॉर्थ कॅरोलिनात विधेयक पडण्याच्या बेतात होते. त्या उतरल्या होत्या त्याच ठिकाणी जेम्स डॉबिन ह्या सभासदाची पत्नी आजारी होती. डिक्सबाईंनी तिची शुश्रूषा केली. मरताना तिने पतीकडून वचन घेतले, आणि पत्नीचे दहन-दफन उरकून परतलेल्या डॉबिन ह्यांच्या भाषणाने सभागृह फिरले, असे सांगतात. रॅले येथील ते रुग्णालय १८५६ साली सुरू झाले. अशी तीसहून अधिक रुग्णालये त्यांच्या खटपटीने उभी राहिली किंवा वाढली.

प्रांताप्रांतांत भीक मागण्यापेक्षा सबंध राष्ट्रानेच हा भार उचलावा, अशी त्यांची इच्छा होती. सरकारी पडीक जमिनीतून सव्वा कोटी एकरांच्या आसपास जमीन ह्या कामासाठी राखून ठेवावी, तिच्या उत्पन्नातून मनोरुग्ण, अंध व मूकबधिर ह्यांची सोय व्हावी, असे विधेयक त्यांनी सहा वर्षे लावून धरले. १८५४ साली दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. आणि अध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स ह्यांनी ३ मे रोजी ते नाकारले. निराधारांचा सांभाळ हे प्रांतांचे काम, मध्यवर्ती सरकारचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. भार कोणाचा, हे भांडण त्या दिवशी मिटले असते. ते अजून मिटलेले नाही.

आता दुसरी बाजू. चरित्र लिहिताना ती झाकून ठेवणे बरे नव्हे.

डिक्सबाईंचा स्वभाव कडक होता. १८६१ साली यादवी युद्ध सुरू होताच उत्तरेच्या सैन्यातील परिचारिकांच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे काम त्यांनी वेतन न घेता केले. पण पस्तीस वर्षांखालच्या स्त्रिया नकोत, रूपाने साध्या असाव्यात, कपडे काळे किंवा तपकिरी, दागिना नाही, असे त्यांचे नियम होते. डॉक्टरांशी खटके उडाले आणि १८६३ साली त्यांचे अधिकार कमी करण्यात आले. दक्षिणेतील विधिमंडळांची मदत हवी म्हणून असेल, पण गुलामगिरीविरुद्ध त्यांनी उघड आवाज उठवला नाही. दुसऱ्याचे भले कशात आहे हे आपल्याला कळते, अशी त्यांची खात्री असे. आणि ज्यांच्यासाठी त्या झटल्या, त्यांनाच विचारावे, हा विचार त्या काळी फारसा कोणाच्या मनात नव्हता, तसा त्यांच्याही नव्हता.

ह्याचे फळ लवकरच दिसले. इलिनॉय प्रांतातील जॅक्सनव्हिलचे रुग्णालय डिक्सबाईंच्याच प्रयत्नांतून उभे राहिलेले. तेथे १८६० साली एलिझाबेथ पॅकार्ड ह्या शहाण्यासुरत्या स्त्रीला तिच्या पाद्री पतीने नेऊन घातले. कारण इतकेच की धर्माच्या बाबतीत तिची मते त्याच्याहून निराळी होती. त्या प्रांताच्या कायद्याने पतीला पत्नीची चौकशी न होता तिला आत पाठवता येत असे. तीन वर्षे ती आत राहिली. बाहेर आल्यावर १८६४ साली ज्यूरीने काही मिनिटांतच तिला शहाणी ठरवले. मग तिने लोकमत जागे केले आणि चौकशीवाचून कोणाला कोंडता येणार नाही, असा कायदा १८६७ साली इलिनॉयमध्ये करवून घेतला. एका बाईने दार बांधले; त्या दाराला आतून ठोठावण्याचा हक्क दुसरीने मिळवला. आपल्या मते दोघींचेही उपकार सारखेच.

इमारतींचेही तसेच झाले. रुग्णालयात अडीचशेहून अधिक रुग्ण नसावेत, असे १८५१ साली तेथील रुग्णालयांच्या प्रमुखांनी ठरवले होते. पंधरा वर्षांत ती मर्यादा सहाशेवर गेली. लवकर आणले तर बहुतेक बरे होतात, असे लोकांना सांगून पैसा मिळवला होता. १८७७ साली डॉक्टर प्लिनी अर्ल ह्यांनी हिशेब तपासला तेव्हा आढळले की एकच रुग्ण पुनःपुन्हा बरा होऊन जाई आणि दर वेळी नवा बरा झालेला म्हणून मोजला जाई. लोकांचा विश्वास उडाला. पैसा आटला, पण माणसे येतच राहिली: दारूने खंगलेली, म्हातारी, घराला नकोशी. डिक्सबाईंच्या त्या लाडक्या ट्रेंटनच्या रुग्णालयात १९०७ साली हेन्री कॉटन नावाचे प्रमुख आले. वेडाचे मूळ दातांतल्या व आतड्यांतल्या पुवात आहे, अशा समजुतीने त्यांनी कितीतरी रुग्णांचे दात उपटले, अवयव कापले. अनेकजण त्यात दगावले. त्यांना विचारणारे, त्यांच्या वतीने नको म्हणणारे कोणी नव्हते.

१९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. मग वारे फिरले. नवी औषधे आली, अध्यक्ष केनेडी ह्यांनी १९६३ साली गावोगावी उपचारकेंद्रे काढण्याचा कायदा केला, आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जो कोणाला धोका नाही आणि बाहेर सुखरूप राहू शकतो, त्याला नुसते कोंडून ठेवता येणार नाही. निर्णय योग्यच. पण रुग्णालये रिकामी झाली, केंद्रे मात्र ठरली तितकी निघाली नाहीत. स्वस्त खोल्याही शहरांतून नाहीशा झाल्या. माणसे रस्त्यावर आली, आणि तेथून पुष्कळशी पुन्हा तुरुंगात. ईस्ट केंब्रिजच्या त्या रविवारी डिक्सबाईंनी जे पाहिले, तेथेच फेरा येऊन थांबला.

अलीकडे पुन्हा दार लावण्याकडे कल आहे. २०२२ साली न्यूयॉर्कच्या महापौरांनी स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्यांना मनाविरुद्धही रुग्णालयात नेण्याचे धोरण जाहीर केले. २०२३ साली कॅलिफोर्नियाने तसा कायदा व्यसनाने पार ढासळलेल्यांनाही लागू केला. उलट, न्यूयॉर्कमध्येच १९९२ पासून काही मंडळींनी दुसरा मार्ग चालवून पाहिला आहे: व्यसन सुटण्याची अट न घालता आधी घर द्यायचे आणि मदतनीसांनी नियमाने भेटत राहायचे. अशांपैकी बहुतेकजण घरात टिकतात, असे दिसून आले. व्यसन मात्र घर मिळाल्याने आपोआप सुटत नाही, हेही खरे.

ह्यात कोणाचे बरोबर, हे डिक्सबाईंच्या चरित्रावरून ठरवता यावे असे मला वाटत नाही. पण एक गोष्ट दिसते. उचलून न्या, असे म्हणणे सोपे आहे. कोठे नेले, आत काय चालले आहे, तो बाहेर कधी येणार आणि आल्यावर निजणार कोठे, हे वर्षानुवर्षे विचारीत राहणे अवघड. डिक्सबाईंची खरी थोरवी इमारतींत नव्हती, त्या वहीत होती. त्या जोवर अचानक जाऊन कोठड्या पाहत, तोवर आतल्यांना काही मान होता. वही मिटली, आणि दयेने बांधलेल्या वास्तूंचे तुरुंग झाले.

१८८१ साली थकलेल्या डिक्सबाई ट्रेंटनच्या रुग्णालयात उतरल्या आणि तेथेच राहिल्या. न्यू जर्सी प्रांताने त्यांना तेथे हयातभर राहण्यासाठी खोल्या दिल्या. १७ जुलै १८८७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. केंब्रिज येथे त्यांचे दफन झाले. रॅलेचे रुग्णालय २०१२ साली बंद झाले आणि त्या विस्तीर्ण जागेवर आता त्यांच्या नावाची सार्वजनिक बाग आहे.

शेवटची ती सहा वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. एक छप्पर, हाकेच्या अंतरावर माणसे, दुखलेखुपले तर औषध, आणि कोणी निघून जा म्हणणार नाही ही खात्री. त्याच आवारात शेकडो माणसे राहत होती. डिक्सबाईंच्या आणि त्यांच्या खोलीत फरक होता तो एवढाच की बाईंच्या दाराची कडी आतल्या बाजूला होती. रस्त्यावरच्या त्या माणसाला आपण कोठेतरी पाठवू म्हणतो तेव्हा, तेथे त्याच्या वाट्याला ह्यातले किती येणार आहे, एवढे तरी आपण विचारून घ्यावे.