अलेक्झांद्रियाचा क्लेमेंत

आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव गोरा कुंभारामुळें सर्वांस ठाऊक आहे. हेंच प्राचीन तगर होय. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे, असें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारी पुस्तकांत सांगितलें आहे. त्या काळीं भडोचहून जहाजें मिसर देशास जात. त्याच मिसरांतील अलेक्झांद्रिया शहरीं ज्यानें शिकविलें, त्या क्लेमेंताचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

क्लेमेंत सुमारें १५० सालीं जन्मला. सत्याच्या शोधांत ग्रीस, इटली व पूर्वेकडील देश फिरून तो अलेक्झांद्रियास आला, व तेथें त्यास पंतेनस हा गुरु भेटला. हा पंतेनस सुवार्तेसाठीं हिंदुस्थानांत गेला होता, असें युसेबियस या जुन्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. गुरूच्या मागून क्लेमेंत तेथें शिकवूं लागला.

त्या वेळीं मंडळींत मोठा वाद होता. कित्येक साधे विश्वासी ग्रीक तत्त्वज्ञानास भीत, व प्लेटो आदि पंडितांचे ग्रंथ टाकून द्यावे असें त्यांस वाटे. क्लेमेंतानें शिकविलें कीं, नियमशास्त्र जसें यहूद्यांस ख्रिस्ताकडे नेणारें बालरक्षक झालें, तसें तत्त्वज्ञान ग्रीकांस झालें. तें नांगरटीसारखें आहे असें आम्ही म्हणूं. नांगरटीनें भुई तयार होते. पण सुवार्तेच्या बीजावांचून पीक येत नाहीं.

तथापि तोही चुकला. स्तोइक पंथाचे पंडित निर्विकार मनुष्यास श्रेष्ठ मानीत. क्लेमेंतानें तेंच माप ख्रिस्तास लाविलें, आणि त्याच्या देहास अन्नाची गरज नव्हती, दुःखाचा स्पर्शही नव्हता, असें लिहिलें. शुभवर्तमानांतील प्रभु तर अरण्यांत भुकेला झाला व लाजराच्या कबरेपाशीं रडला.

२०२ च्या सुमारास सेप्तिमियस सेव्हेरस बादशहाच्या कारकीर्दींत छळ झाला, तेव्हां क्लेमेंतानें शहर सोडलें. पुढें आशिया मायनरांत आपला जुना शिष्य अलेक्झांदर याच्या सोबतीस राहून त्यानें मंडळीची सेवा केली. सुमारें २१५ सालीं तो मरण पावला.

उपदेशक बंधूंनो, आपल्या गांवींही वाडवडिलांचे अभंग व ओव्या आहेत. त्या सर्व टाकाव्या कीं सर्व घ्याव्या, असा प्रश्न नवीन विश्वासी आपणांस विचारतात. त्यांतील सत्य कृतज्ञतेनें घ्यावें, पण प्रत्येक गोष्ट शुभवर्तमानाशीं ताडून पाहावी. जेथें क्लेमेंतानें असें केलें तेथें मंडळीस लाभ झाला, व जेथें तो विसरला तेथें रडणारा प्रभु त्यास दिसला नाहीं, हें आम्हांस त्याच्या चरित्रावरून कळतें.