नरसीचे क्षमाशील नामदेव

हिंगोली तालुक्यातील नरसी हे संतशिरोमणी नामदेव महाराजांचे जन्मस्थान मानले जाते. शिंपी कुळातील दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी इ. स. १२७० मध्ये त्यांचा जन्म झाला. आयुष्य पंढरीत गेले; गुरू मात्र लाभले ते आपल्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे. ते गुरू म्हणजे विसोबा खेचर. परंपरा सांगते की, हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करीत. मुक्ताबाईस मांडे भाजण्यासाठी साधे खापरही त्यांनी मिळू दिले नाही. त्या पोरक्या मुलांनी वैर धरले असते, तर नामदेवांना गुरू कोठून मिळाले असते?

पुढे नामदेवांवरही तसाच प्रसंग ओढवला. भजनात दंग असता हीन जातीचा म्हणून त्यांना देवळातून उठविण्यात आले. ते देवळामागे जाऊन भजन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही औंढ्याची कथा सर्वश्रुत आहे. चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडू. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांत त्यांनी हा अपमान लपविलेला नाही, स्वच्छ सांगितला आहे. पण गाऱ्हाणे घातले ते देवापुढे. उठविणाऱ्यांना शाप दिला नाही. दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेचे चिंतन करणाऱ्या आपणांस हे विशेष भावावे. झालेला अन्याय नाकारणे म्हणजे क्षमा नव्हे.

इ. स. १३५० मध्ये पंढरपुरी महाद्वारी ते समाधिस्थ झाले. देवळातून घालविलेल्या या भक्ताच्या पायरीला वंदन करूनच वारकरी राउळात प्रवेश करतात.