हान्स रोझेन्टाल : हसवणाऱ्या माणसाची कहाणी

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीतील लक्षावधी कुटुंबे दूरचित्रवाणीसमोर बसून चणीने लहान अशा एका गृहस्थांच्या उडीची वाट पाहत. स्पर्धकांची कामगिरी प्रेक्षकांना पसंत पडली, की सूत्रधार हान्स रोझेन्टाल आनंदाने हवेत उडी घेत आणि पडद्यावरचे चित्र क्षणभर तिथेच थबके. ही उडी घेणाऱ्याचे बालपण कसे गेले, ते आम्ही या स्मरणिकेत मुद्दाम सांगत आहोत, कारण त्या बालपणात एक अनाथाश्रम आहे.

2 एप्रिल 1925 रोजी बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात हान्स यांचा जन्म झाला. वडील बँकेत नोकरीस होते. नाझी राजवटीत ज्यू म्हणून ती नोकरी गेली. 1937 मध्ये वडील वारले, 1941 मध्ये आई. हान्स आणि सात वर्षांनी धाकटा भाऊ गेर्ट ज्यू मुलांच्या अनाथाश्रमात आले. हान्स यांना सक्तीच्या मजुरीला जुंपले गेले. दफनभूमीत कबरी खणण्याचे कामही त्यांच्या वाट्याला आले. त्याच काळात कपड्यांवर पिवळा तारा शिवणे बंधनकारक झाले. अंगावर खूण लावून माणसाला माणसांतून वेगळे काढणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ऑक्टोबर 1942 मध्ये अनाथाश्रमातील मुलांना पूर्वेकडे पाठवण्याचा हुकूम निघाला. गेर्टने आपल्या साठवलेल्या पैशांतून पन्नास पोस्टकार्डे विकत घेतली होती. दर दोन दिवसांनी दादाला एक लिहायचे, असा त्याचा बेत होता. 19 तारखेला गाडी रीगाकडे निघाली. गेर्ट तेव्हा दहा वर्षांचा होता. तो तिकडेच मारला गेला.

27 मार्च 1943 रोजी हान्स बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागातील एका बागवस्तीत लपले. कामगारांनी भाजीपाल्यासाठी घेतलेले छोटे वाफे आणि त्यांवरील लाकडी खोपटी, अशी ती वस्ती. इडा याउख या बाईंनी त्यांना आपल्या खोपटात दडवले आणि स्वतःच्या तुटपुंज्या शिध्यातून जेवू घातले. 1944 मध्ये त्या वारल्या, तेव्हा शेजारच्या मारिया शोनेबेक यांनी त्यांना आपल्याकडे घेतले. एमा हार्न्ट या तिसऱ्या बाईंचाही त्यांना आधार होता. या तिघी साध्या, ज्यूंशी नाते नसलेल्या स्त्रिया होत्या आणि पकडले जाण्याची शिक्षा काय असते, ते त्यांना पुरते ठाऊक होते. एप्रिल 1945 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या. पिवळा तारा लावून बाहेर पडलेल्या हान्सवर सैनिकांनी बंदुका रोखल्या. छावण्यांचे पहारेकरी असेच तारे लावून निसटतात, असा त्यांना संशय होता. एका ज्यू अधिकाऱ्याने प्रार्थना म्हणायला लावली, म्हणून ते वाचले.

देश सोडून जाण्यास त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. ते राहिले, आणि त्याचे कारण ते आयुष्यभर याच तीन स्त्रिया असे सांगत. प्रथम सोव्हिएत अमलाखालील बर्लिन रेडिओवर आणि 1948 पासून अमेरिकन क्षेत्रातील ‘रिआस’ केंद्रावर त्यांनी काम केले. 1965 पासून रविवारी सादर होणारे त्यांचे संगीत-कोडे भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीतही ऐकले जाई. 1971 मध्ये ‘डल्ली डल्ली’ सुरू झाले आणि ते घराघरांत पोचले.

समोर हसणाऱ्यांत पूर्वीचे नाझीही असतील, हे त्यांना कळत नसेल काय? हा प्रश्न आम्हालाही अडतो. 9 नोव्हेंबर 1978 रोजी त्याची धार दिसली. प्रार्थनास्थळे जाळली गेली त्या रात्रीला त्या दिवशी चाळीस वर्षे होत होती आणि नेमका त्याच दिवशी ‘डल्ली डल्ली’चा 75 वा भाग ठेवला गेला. त्यांनी तारीख बदलून मागितली; वाहिनीने ती दिली नाही. मग ते काळा सूट घालून उभे राहिले आणि नेहमीच्या हलक्याफुलक्या गाण्यांऐवजी त्यांनी गंभीर संगीत निवडले. त्यामागचे कारण त्यांनी प्रेक्षकांना सांगितले नाही.

दोन वर्षांनी आत्मचरित्र आले, तेव्हा अनेकांना ते प्रथमच उमगले. पुस्तकाच्या नावातच त्यांनी जर्मनीत आपण दोन आयुष्ये जगल्याचे म्हटले आहे. 10 फेब्रुवारी 1987 रोजी बर्लिनमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था आजही अडचणीत सापडलेल्या कुटुंबांना मदत करते, आणि ‘रिआस’च्या जुन्या इमारतीसमोरील चौकाला त्यांचे नाव आहे.