जैन बोर्डिंगमधून बाहेर पडलेला विद्यार्थी : कर्मवीर भाऊराव पाटील

शिक्षणासाठी घर सोडून परगावी राहणाऱ्या मुलास पुस्तकांआधी निवाऱ्याची आणि दोन वेळच्या जेवणाची चिंता असते. परभणी, सेलू, जिंतूरकडून हैदराबादला वा औरंगाबादला शिकावयास गेलेल्या जुन्या पिढीतील समाजबांधवांना हे वेगळे सांगावयास नको. ही चिंता ज्यांनी जन्मभर स्वतःची मानली ते भाऊराव पायगोंडा पाटील जैन कुळातील होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग मात्र आपण बहुधा आवाज खाली आणून सांगतो. म्हणून तोच प्रथम सांगणे उचित होय.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. बोर्डिंगची धुरा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना राजवाड्यात आश्रय दिला. अभ्यासात त्यांची गती बेताचीच होती. मॅट्रिकची पायरी काही त्यांनी ओलांडली नाही.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यावर डांबर टाकल्याचे प्रकरण गाजले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपणास बाहेर पडावे लागले त्यांच्यावर सूड उगवण्याची ती आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंगवास सोसला, छळ असह्य होऊन जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही. सत्यव्रताचे याहून मोठे उदाहरण आपल्या समाजाच्या अलीकडील इतिहासात शोधावे लागेल.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. तरुणपणी ज्या कारणासाठी भाऊरावांना घर गमवावे लागले, तेच या घराचा पाया झाले. धान्य संपले की पत्नी लक्ष्मीबाई दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. १९३० साली त्या निवर्तल्या. कर्मवीरांच्या चरित्रात या माउलीच्या वाट्यास दोन-चार ओळीच येतात, आणि तोच दोष या लेखातही राहतो आहे. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

साताऱ्यास त्या काळी महाविद्यालय नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने सुमारे ११० किलोमीटरवरील पुण्यास जावे, तर तेथील खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून १९३२ साली भाऊरावांनी पुण्यातच युनियन बोर्डिंग काढले. तथापि सर्वांनीच मोठ्या शहराकडे धाव घ्यावी, हे त्यांना पटणारे नव्हते. १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. लहानशा गावाचे रूपच पालटले. खेड्यापाड्यांतून पत्र्याची ट्रंक व वळकटी घेऊन येणारी मुले दिवसाचे काही तास शेतात, बागेत, बांधकामावर राबत आणि उरलेल्या वेळात वर्गात बसत. हीच कमवा आणि शिका योजना. हाताला घट्टे पडलेल्या मुलास तेथे कोणी हिणवीत नसे, कारण सर्वांचेच हात तसे होते. फी भरता न येणे ही लाजेची बाब उरली नाही, हे मला त्या योजनेचे सर्वांत मोठे यश वाटते. वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कऱ्हाडला १९५४ साली गाडगे महाराजांच्या नावे दुसरे महाविद्यालय निघाले. दोनच वर्षांनी, १९५६ साली, आपल्या परभणीसही कृषी महाविद्यालय आले आणि आपल्या गावाने प्रथमच परगावच्या विद्यार्थ्यांची अशी वर्दळ पाहिली.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. मॅट्रिकही न झालेल्या या शिक्षकास पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी डी.लिट. अर्पण केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, ९ मे १९५९ रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यातच आहे.