सावित्रीबाईंना घडवणाऱ्या नगरच्या फरारबाई

सोलापूर : करमाळ्याची शीव ओलांडली की नगर जिल्हा लागतो. त्या नगरात पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक अमेरिकन बाई पोरींची शाळा चालवायच्या. त्यांचं नाव सिंथिया फरार. आज त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, पण त्यांचं काम आपल्या घराघरात पोचलंय.

फरारबाईंचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातला. तिथं त्या शिक्षिका होत्या. लग्न केलेलं नव्हतं. त्या काळी मिशनऱ्यांच्या बायका नवऱ्याबरोबर परदेशी जात, एकटी बाई सहसा जात नसे. फरारबाई मात्र १८२७ च्या जूनमध्ये जहाजात बसल्या आणि वर्ष संपता संपता मुंबईत उतरल्या. तेव्हा त्यांचं वय होतं ३२.

इथं येऊन त्या मराठी शिकल्या. अमेरिकन मिशननं मुंबईत १८२४ सालीच मुलींची शाळा काढली होती. त्या कामाची देखरेख बाईंकडे आली. काम सोपं नव्हतं. पोरगी शिकून काय करणार, हा घरोघरचा सवाल. त्यात लहानपणीच लग्न, की शाळा सुटली. शिवाय मिशनच्या शाळेत धर्माचीही शिकवण असे, त्यामुळे पोरी बाटतील ही लोकांना धास्ती. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होताच, ते नाकारून चालणार नाही. पण गरिबाघरच्या पोरींच्या हाती पाटी आली, हेही तितकंच खरं.

तब्येत ढासळली म्हणून १८३७ मध्ये बाई मायदेशी गेल्या. तिथंच राहता आलं असतं. पण दोन वर्षांनी त्या परत आल्या आणि नगरला कामाला लागल्या.

पुढं जोतिराव फुले नगरला गेले असताना त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली. ते काम त्यांच्या मनात ठसलं. १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरला फरारबाईंच्या संस्थेत शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं.

२५ जानेवारी १८६२ रोजी नगरमध्येच बाईंचं निधन झालं. मधली दोन वर्षं सोडली, तर जवळपास ३२ वर्षं त्या महाराष्ट्रात मुलींच्या शाळांसाठी झिजल्या.

येत्या ३ जानेवारीला गावच्या शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालाल, तेव्हा पोरींना फरारबाईंचीही गोष्ट जरूर सांगा.