सोनपुरीची तहान

सोन्याची खाण सापडली की माणसाचे दैन्य फिटले, असे आपण सहज म्हणून जातो. पश्चिम ऑस्ट्रेलिया ही ब्रिटिशांची वसाहत होती, त्या काळची गोष्ट. तेथील ओसाड प्रदेशात 1892 साली कूलगार्डी येथे आणि पुढच्याच वर्षी काल्गूर्ली येथे सोने सापडले. हजारो माणसे तिकडे धावली आणि पाहता पाहता उजाड माळावर तंबूंची नगरे उभी राहिली. सोने होते, पाणी मात्र नव्हते. त्या भूमीचे मूळ रहिवासी खडकांतील कुंडांत साठणाऱ्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या काटकसरीने राहत आले होते. परंतु एवढ्या गर्दीला ते कोठून पुरणार? खाऱ्या तळ्यांचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी तयार करीत व ते मोलाने विकत. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब या भागांतून गेलेले उंटवाले आपल्या तांड्यांवरून सामान व पाणी वाहून आणीत. स्नान ही तर चैनच होती. अस्वच्छतेमुळे विषमज्वर पसरला आणि कित्येक तरुण सोन्याचा कणही न पाहता मृत्युमुखी पडले.

या नगरांची तहान भागविण्याचा मार्ग ज्यांनी आखला, ते अभियंते म्हणजे चार्ल्स येल्व्हर्टन ओ'कॉनर. त्यांचा जन्म 11 जानेवारी 1843 रोजी आयर्लंडमध्ये झाला. ते अगदी लहान असतानाच त्या देशात भीषण दुष्काळ पडला. तरुणपणी रेल्वेच्या कामाचे शिक्षण घेऊन 1865 साली ते न्यूझीलंडला गेले आणि तेथे रस्ते, लोहमार्ग व बंदरे यांच्या कामात त्यांनी पंचवीस वर्षे घालविली. 1891 साली पश्चिम ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री जॉन फॉरेस्ट यांनी त्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावून घेतले. रेल्वे पाहावयाची की बंदरे, असे त्यांनी विचारले असता फॉरेस्ट यांनी सारीच कामे त्यांच्यावर सोपविली. स्वान नदीच्या मुखाशी आडवा आलेला खडक सुरुंगांनी फोडून त्यांनी फ्रीमँटलचे बंदर बांधले. 1897 साली ते खुले झाले.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. समुद्राजवळच्या डोंगरांत हेलेना नदीवर धरण बांधावयाचे आणि तेथील पाणी नळातून 500 किलोमीटरहून अधिक दूर खाणींपर्यंत न्यावयाचे, अशी त्यांची योजना होती. तापीचे पाणी प्रकाशा येथे उचलून थेट मुंबईच्याही पलीकडे न्यावे, तसाच हा प्रकार! शिवाय ते पाणी 300 मीटरहून अधिक उंच चढवावयाचे होते. त्यासाठी वाटेत आठ ठिकाणी वाफेच्या यंत्रांचे पंप बसवावयाचे ठरले. नळ पोलादी पत्र्यांचे होते. पत्र्यांच्या कडा रिव्हेटांनी न जोडता एका लांब पट्टीच्या खाचेत दाबून बसवीत. त्यामुळे गळती कमी होई. असे सुमारे 60,000 नळ लागले. 1896 साली या कामासाठी 25 लाख पौंड कर्ज काढण्यास विधिमंडळाने मान्यता दिली.

एवढ्या खर्चाने लोक धास्तावले. पाणी डोंगर चढणारच नाही, असे कोणी म्हणत. कोणी ओ'कॉनर यांच्या सचोटीवरच शिंतोडे उडवीत. 1901 साली फॉरेस्ट नव्या संघराज्याच्या मंत्रिमंडळात गेले आणि ओ'कॉनर यांचा मोठा आधार दूर झाला. वृत्तपत्रांतील टीका दिवसेंदिवस विषारी होत गेली. चौकशीही नेमली गेली. अतिश्रमाने व मनस्तापाने ते खचून गेले. 10 मार्च 1902 रोजी, वयाच्या 59 व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा अंत केला. नळाची कळ फिरविली तरी पाणी आले नाही, म्हणून ते निराश झाले, अशी एक दंतकथा पुढे रूढ झाली. ती खोटी आहे. कारण त्या वेळी नळमार्ग पूर्ण झालाच नव्हता. त्यांच्यावरील भ्रष्टाचाराचे आरोपही चौकशीत टिकले नाहीत.

सहकाऱ्यांनी त्यांच्याच आराखड्याप्रमाणे काम तडीस नेले. 24 जानेवारी 1903 रोजी प्रथम कूलगार्डीस आणि त्याच दिवशी काल्गूर्लीस समारंभपूर्वक पाणी खुले करण्यात आले. फॉरेस्ट तेथे उपस्थित होते. 1911 साली फ्रीमँटल येथे बंदराजवळ ओ'कॉनर यांचा पुतळा उभारण्यात आला. त्या पाणीमार्गावर वाटेतील गावे व शेतेही वसली असून, काल्गूर्लीच्या घराघरांत आजही त्याच वाटेने पाणी येते.