शिष्यवृत्ती आणि बाबासाहेब

आमच्या लासूर स्टेशनला हुशार मुलगा दहावी झाला की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो पुढच्या खर्चाचा. शिष्यवृत्त्या असतात, त्या मिळवायच्या कशा, हे सांगणारे मात्र थोडे. अशा वेळी मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन आठवते.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च वडिलांना झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये मदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले.

हे ऋण ते विसरले नाहीत. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० साली त्यांच्या संस्थेने औरंगाबादेत कॉलेज काढले.

बुद्धी बाबासाहेबांची होती, पैसा महाराजांचा होता. दोहोंची गाठ घालून दिली ती एका शिक्षकाने. आपल्या गावच्या शाळकरी मुलांसाठी एवढे तरी आपल्याला करता येईल.